गोळी कशी घेता, हे कोणी विचारलंच नाही

डिसेंबर महिना. निफाडच्या थंडीच्या बातम्या पेपरात रोज, आमच्या इंदिरानगरात माणसं कानटोप्या घालून दूध आणायला निघालेली, आणि मी शिलाई मशीनपुढे पंखा लावून बसलेली. सासूबाई शाल पांघरून दोनदा दारात येऊन बघून गेल्या. सुईत दोरा काही केल्या जात नव्हता. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून कॅनडा कॉर्नरला जाऊन डोळे तपासून आले. नंबर तोच होता. थरथरत होता तो हात. २२ वर्षं ब्लाउज शिवते मी, हातशिलाईसाठी गंगापूर रोडवरून बायका येतात माझ्याकडे. त्या महिन्यात एका नवरीच्या पैठणीवरच्या ब्लाउजचे हुक मी दोनदा उसवून पुन्हा लावले आणि शेवटी शेजारणीकडून लावून घेतले. तिला पैसे देताना मला रडू आलं.

हे आधी सांगते, कारण हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत असं म्हणणारे तेव्हा घरात होते, दवाखान्यातही होते.

थायरॉइडची गोळी मला सहा वर्षांपासून आहे. पहिली तीन वर्षं ५० मायक्रोग्रॅमवर काही तक्रार नव्हती. मग गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं. विसरायला नको म्हणून मी दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदमच घ्यायची. पुढच्या तपासणीत टीएसएच ९.२ आलं. डॉक्टरांनी ५० ची ७५ केली. मग ७.८, म्हणून १००. मग ६.१, म्हणून १२५. तेव्हा कुठे आकडा ४.१ वर आला आणि "आता नॉर्मल" म्हणून फाइल मिटली. दर वेळी रिपोर्ट हातात घेऊन ते फक्त तो एक आकडा बघत आणि नवीन चिठ्ठी लिहीत. गोळी कधी घेता, कशाबरोबर घेता, हे तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. चहा, आणि त्याहून जास्त कॅल्शियम, ही गोळी आतड्यात नीट शोषू देत नाहीत, हे मला कुठून ठाऊक असणार? औषधाच्या बाटलीतली बारीक अक्षरं वाचायची जबाबदारी माझी, असं नंतर एकाने ऐकवलं. फी मात्र मी डॉक्टरांना देत होते.

ऑगस्टमध्ये कॅल्शियमचा कोर्स संपला. त्याच सुमारास माझ्या एका गिऱ्हाईक ताईंनी, त्या नर्स आहेत, सांगितलं की ही गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि तासभर चहा नाही. मी ऐकलं. दोन्ही गोष्टी चांगल्याच होत्या. पण १२५ ची गोळी १२५ च राहिली, आणि आता ती सगळी अंगात जायला लागली होती.

नवरात्रापासून झोप उडाली. रात्री दोनला डोळे उघडायचे आणि उशीवर कान टेकवला की स्वतःचेच ठोके ऐकू यायचे. दिवसातून तीन-तीनदा संडासला जावं लागायचं. केसांचे पुंजके फणीत यायचे. मुलीवर मी अशी ओरडायला लागले की ती माझ्याशी मोजून बोलू लागली. दिवाळीपर्यंत वजन ५८ वरून ५४ झालं आणि सगळ्या नातेवाइकांनी अभिनंदन केलं. "बारीक झालीस गं, काय करतेस?" काय सांगणार होते मी त्यांना?

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वय विचारलं. मी म्हटलं, ४९. "मग बरोबर आहे. पाळी जायच्या वेळेला असं होतंच. टेन्शन घेऊ नका." मी स्वतःहून विचारलं, थायरॉइड पुन्हा तपासू का? "मेमध्ये तर नॉर्मल आलंय." झोपेची गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. "मेमध्ये तर नॉर्मल" हे वाक्य मी विसरलेले नाही. तपासणी मी मागितली होती, आणि ती नाकारली गेली होती.

पुढे एका रात्री छाती इतकी धडधडली की ह्यांनी रिक्षा करून कॅज्युअल्टीत नेलं. नाडी १२२. ईसीजी काढला, अटॅक नाही म्हणाले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितलं, "यांना जरा कुठे फिरवून आणा." काय काय औषधं चालू आहेत, ते मी सांगायला लागले तर कागद भरून झाला होता.

मग मी चूक केली. गोळीवर संशय होता म्हणून चार दिवस गोळीच बंद ठेवली. काहीच फरक पडला नाही, म्हणून गोळीचा दोष नाही असं धरून पुन्हा सुरू केली. आता कळतं की ह्या औषधाची अंगातली मात्रा निम्मी व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. चार दिवसांत काही समजत नाही. आणि मनाने बंद करणं तर धोक्याचंच.

शेवटी मुलीने हट्ट केला. चिठ्ठी नसताना आम्ही लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. दुपारी चारला रिपोर्ट मोबाइलवर आला. टीएसएच ०.०२. मी जिन्यातच थांबून वाचलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकी वर्षं आकडा वाढला की वाईट, कमी झाला की चांगलं, असंच ऐकलेलं. मुलगी म्हणाली, "आई, कमीत कमी ०.४ पाहिजे असं लिहिलंय." मग तिने एकेक लक्षण वाचून दाखवलं. हात थरथरणं, उकडणं, धडधड, जुलाब, चिडचिड. सगळं माझं होतं. तीन महिने मला वेडं ठरवलं होतं आणि उत्तर माझ्याच गोळीच्या बाटलीत होतं. मी जिन्याच्या पायरीवर बसले.

टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा हुकूम असतो. रक्तात हार्मोन कमी पडलं की हुकूम वाढतो, जास्त झालं की थांबतो. म्हणजे आकडा खूप खाली जाणं हे गोळी जास्त झाल्याचं लक्षण. हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. मला ती सहा वर्षांत कोणी दिली नव्हती.

नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी कशी घेता?" मग चहा, कॅल्शियम, लोह, ॲसिडिटीची गोळी, केसांसाठी काही घेता का? घेत होते. केस गळतात म्हणून दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणल्या होत्या. बायोटिनने काही लॅबच्या यंत्रांवर टीएसएच खोटं कमी दिसू शकतं, म्हणून त्या आठवडाभर बंद ठेवायला लावून रक्त पुन्हा तपासलं. ०.०३. म्हणजे खरंच कमी. पूर्ण मात्रा लागणाऱ्या माणसाला साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम पुरतात, असं त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. माझ्या ५४ किलोला ते ८६ च्या आसपास येत होतं, आणि मी घेत होते १२५. पाळी जायच्या वयात असं वर्षानुवर्षं चाललं तर हाडं ठिसूळ होतात, ठोके कायमचे अनियमित होऊ शकतात. हाडांसाठी घेतलेल्या कॅल्शियमपासून सुरू झालेली गोष्ट हाडांवरच येणार होती.

गोळी ७५ झाली. झोप तीन आठवड्यांत आली. हात दीड महिन्यात स्थिरावला. केस गळायचे थांबायला चार महिने गेले. आठ आठवड्यांनी टीएसएच ०.४, नंतर २.१.

माझ्यासारख्या बायकांना सांगते. कॅल्शियम आणि लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. सकाळी चहाशिवाय राहवत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते का, हे डॉक्टरांना विचारा. मात्र रोज एकाच पद्धतीने घ्या. पद्धत बदलली किंवा दुसरं औषध सुरू वा बंद झालं, तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्याच, कोणी सांगो न सांगो. रक्त द्यायच्या सकाळी गोळी रक्त दिल्यावर घ्या. दुकानदार "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरी बाटली देऊ लागला तर आपलीच मागा. बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, मे महिन्यात तर नकोच. उपवासाला ही गोळी चुकवणाऱ्या माझ्या ओळखीत चार जणी आहेत. पाण्याबरोबर गोळी घेतल्याने एकादशी मोडत नाही. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा. आणि वजन आपोआप उतरायला लागलं तर खूश होऊ नका.

मार्चमध्ये मी कमी आलेले ते दोन्ही रिपोर्ट घेऊन जुन्या डॉक्टरांकडे गेले. भांडायला नाही, त्यांना कळावं म्हणून. त्यांनी पानं उलटली, "बरं झालं ना आता?" म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवले. बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. मांडीवरच्या पिशवीतून तीच बाटली दिसत होती. मी विचारलं, "गोळी कशी घेता हो तुम्ही?"

"चहाबरोबर," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले.