पत्त्यावर शहर, कारभार काउंटीचा

ह्यूस्टनच्या पश्चिमेला घर शोधणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी आधी एकच गोष्ट विचारायला सांगते: हे घर शहराच्या हद्दीत आहे की नुसतं काउंटीत? पत्त्यावर केटी किंवा ह्यूस्टन लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आमच्यासारखी कितीतरी घरं कुठल्याच शहरात मोडत नाहीत. आम्हाला महापौर नाही, नगरसेवक नाही. जी काही दाद मागायची ती काउंटीकडे.

याची खरी किंमत ऑगस्ट २०१७ मध्ये, हार्वे वादळात कळली. बार्कर जलाशय एरवी कोरडाच असतो. ह्यूस्टन वाचवण्यासाठी १९४० च्या दशकात बांधलेल्या धरणामागची ती मोकळी जमीन. पाऊस थांबेना, तसं पाणी फुगत मागे सरकलं आणि फोर्ट बेंड काउंटीतल्या वस्त्यांमध्ये शिरलं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा सगळा तळमजला गेला. ती वस्ती जलाशयाच्या बुडीत पट्ट्यात येते अशी नोंद मंजूर नकाशावर, म्हणजे प्लॅटवर, होती. प्लॅट काउंटी क्लार्ककडे कुणालाही पाहता येतो. घर विकणाऱ्याने मात्र तो त्यांना कधी दाखवला नव्हता. मला आजही याचा संताप येतो. आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्या माणसाला ती एक ओळ वाचून दाखवायला असा किती वेळ लागला असता?

नंतर जाब विचारायचा कुणाला, हा वेगळाच घोळ. धरण केंद्र सरकारच्या आर्मी कोअरचं. मोठे नाले काउंटीच्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टचे. वस्तीतलं पाणी-सांडपाणी बहुधा म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टकडे, ज्याला इथे सगळे ‘मड’ म्हणतात. रस्ते काउंटीचे. पाणी एकच, धनी चार.

टेक्ससमध्ये काउंटीचा कारभार पाच निवडून आलेली माणसं पाहतात: काउंटी जज आणि चार कमिशनर. त्यांच्या बैठकीला कमिशनर्स कोर्ट म्हणतात. अंदाजपत्रक, रस्ते, नव्या वस्त्यांचे प्लॅट, सगळं तिथे मंजूर होतं. शेजारच्या हॅरिस काउंटीत हार्वेनंतर बरोबर वर्षाने मतदारांनी पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले. म्हणून म्हणते, राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीला रात्रभर जागता, तसं मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या या नावांकडेही बघा.

एच-वन व्हिसावरची मुलं म्हणतात, “ताई, आम्हाला मत कुठंय?” मत नाही, पण मालमत्ता कर भरताच की! कमिशनर्स कोर्टाच्या विषयपत्रिकेवरच्या विषयावर लोकांना बोलू द्यावं, हे २०१९ च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यासाठी मतदार असावं लागत नाही. मी बोलले आहे. मोजकी मिनिटं मिळतात, त्यामुळे गाऱ्हाणं गात बसू नका. कुठला नाला, कुठल्या चौकाजवळ, कधीपासून तुंबलाय, हे फोटोसकट मांडा. घराचं मूल्यांकन जास्त वाटलं तर त्यावरही आक्षेप घेता येतो. मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली नंतरची.

खरेदीच्या गठ्ठ्यात मडची नोटीस असायलाच हवी, ती सही करण्याआधी वाचा. मग कराचं बिल घ्या. शाळा, काउंटी, मड, ड्रेनेज, जेवढ्या संस्था त्यावर असतील, त्या प्रत्येकीची पुढची बैठक कधी आहे ते शोधून कॅलेंडरवर लिहा.