ताप उतरल्यावर उठणारं पुरळ

चि. केतकी,

आता तू स्वतःच्या दवाखान्यात बसशील, आणि वर्षाच्या आतबाहेरची, तीन-चार दिवस सणकून तापलेली बाळं तुझ्याकडे येतील. ताप एकाएकी उतरतो आणि छाती-पोटावर बारीक गुलाबी पुरळ उठतं, तो रोझिओला. तोवर बाळाला बरेचदा कुठलंतरी अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं. मग दोष त्या औषधावर येतो आणि फाइलवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ अशी नोंद होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढ्यावरून कारण ठरवू नकोस.

या आजाराचं कारण सिद्ध कसं झालं, ते पाहा. सेंट लुईसच्या झाहोर्स्कींनी 1910 साली त्याचं वर्णन केलं, पण कारण अज्ञातच राहिलं. 1986 मध्ये अमेरिकेत गॅलो यांच्या प्रयोगशाळेत रक्ताचे विकार आणि एड्स असलेल्या रुग्णांत एक नवा हर्पीस विषाणू सापडला. तो कोणता आजार करतो, हे मात्र ठाऊक नव्हतं. 1988 मध्ये ओसाकात यामानिशी आणि सहकाऱ्यांना तसाच विषाणू रोझिओला झालेल्या बाळांच्या रक्तपेशींत मिळाला. एवढ्यावर ते थांबले नाहीत: ताप असताना रक्तात नसलेली प्रतिपिंडं बाळ बरं झाल्यावर तयार झालेली त्यांनी दाखवली. हा दुसरा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. कारण हा विषाणू, म्हणजे आजचा एचएचव्ही-६बी, एकदा शिरला की जन्मभर शरीरात राहतो आणि धडधाकट मोठ्यांच्या लाळेतूनही बाहेर पडतो. तो नुसता सापडला म्हणून आजचा ताप त्याचाच, असं ठरत नाही. शिवाय एचएचव्ही-७ हा त्याचा भाऊबंदही असंच पुरळ आणतो.

तू विचारशील, पहिल्याच दिवशी हे ओळखायचं कसं? नाहीच ओळखता येत. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या सिएटलच्या अभ्यासात या विषाणूची लागण झालेल्या मुलांपैकी जेमतेम चतुर्थांश मुलांत रोझिओलाचं नेहमीचं चित्र दिसलं. म्हणून ताप असेतो रोझिओलाचं नाव घेऊन निर्धास्त होऊ नकोस. कान बघ, लघवी तपास, टाळू फुगलीय का, बाळ मलूल आहे का ते पाहा. जिवाणूंच्या संसर्गाचा पुरावा मिळाला तर अँटिबायोटिक जरूर दे. पुराव्याशिवाय, सवयीनं देऊ नकोस. तापात आकडी येऊ शकते, हे आईवडिलांना आधीच सांग.

गोवराची शंका तर आपल्याकडे घ्यायलाच हवी. 2022 मध्ये मुंबईत त्याचा उद्रेक झालाच होता. पण गोवरात पुरळ उठतं तेव्हा ताप चढलेलाच असतो, खोकला आणि लाल डोळे असतात, आणि पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरतं. शंका उरली तर आरोग्य विभागाला कळव.

‘ॲलर्जी लिहून ठेवली तर सावधगिरीच झाली ना?’ असंही कुणी म्हणेल. नाही गं. ती नोंद सहसा कुणी पुसत नाही. पुढं न्यूमोनिया झाला की साधं, स्वस्त अमॉक्सिसिलिन टाळून त्याच मुलाला महागडी औषधं दिली जातात. खाजऱ्या गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर ॲलर्जी जरूर लिही. एरवी ताप कधी आला, कधी उतरला, पुरळ कधी उठलं आणि तोवर औषधाचे किती डोस झाले होते, हे तारखांसह मांड आणि त्यानंतरच निदानाकडे वळ.

तुझा,
काका