प्रिलिम समजलो, तिथेच फसलो

दहावीला आमच्या शाळेत प्रिलिमचे पेपर मुद्दाम कडक काढत. प्रिलिमला सत्तर पडले की बोर्डात ऐंशी नक्की, असा घरोघरी हिशेब. तोच हिशेब मी पुढे अमेरिकेत, इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीत (आपल्याकडच्या एमडीसारख्या प्रशिक्षणात) लावला आणि एक वर्ष घालवून बसलो.

तिथे रेसिडेन्सीच्या तिन्ही वर्षांत ‘इन-ट्रेनिंग’ परीक्षा होते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती १९८८ मध्ये सुरू केली. तिच्यात पास-नापास नाही. आपण कुठे कच्चे आहोत ते कळावं, एवढाच हेतू. खरी परीक्षा एबीआयएमची, म्हणजे अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनची. ती रेसिडेन्सी संपल्यावर ऑगस्टमध्ये होते, आणि तिचे २४० प्रश्न सोडवण्यात अख्खा दिवस जातो.

पहिल्या वर्षीच्या इन-ट्रेनिंगला मला ८१ परसेन्टाइल मिळाले. त्यात माझं कर्तृत्व थोडं. भारतातून येणारा डॉक्टर यूएसएमएलईचा, म्हणजे तिथल्या परवाना-परीक्षेचा, अभ्यास नुकताच करून आलेला असतो, डोक्यात सगळं ताजं असतं. दुसऱ्या वर्षी ५४ आले, तिसऱ्या वर्षी २३. प्रोग्रॅम डायरेक्टरांनी बोलावून विचारलं, तर मी म्हणालो, “नाइट फ्लोट, म्हणजे रात्रपाळी, करून थेट परीक्षेला बसलो होतो.” खोटं नव्हतं, पण माझ्या शेजारी बसलेली रेसिडेंटही रात्रभर जागून आली होती. तिचे परसेन्टाइल वाढले होते.

गंमत अशी की माझ्या बरोबर उत्तरांची टक्केवारी तिन्ही वर्षं जवळपास तीच होती. परसेन्टाइल आपल्याच वर्षाच्या रेसिडेंटांशी तुलना करून काढतात. बरोबरीचे दरवर्षी पुढे सरकत होते, मी मात्र जागच्या जागी उभा होतो. आणि घरी फोनवर सांगताना आकडा मात्र ८१चाच!

रेसिडेन्सी संपली आणि जुलैत हॉस्पिटलिस्टची, म्हणजे रुग्णालयात दाखल असलेले रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरची, नोकरी लागली. सात दिवस काम, सात दिवस सुट्टी. सुट्टीतले निम्मे दिवस झोपण्यात गेले. ऑगस्टमध्ये परीक्षा दिली, नापास झालो. बोर्डाच्या निकालपत्रात कच्चे विषय दिलेले असतात. माझे होते किडनी आणि संधिवात. निकाल आला त्या रात्री तिसऱ्या वर्षाचा इन-ट्रेनिंगचा अहवाल पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत वाचला. चुकलेल्या प्रश्नांची यादी त्यात होती: सोडियम कमी होणं, लघवीतून प्रथिनं जाणं, ल्युपस, गाउट. दहा महिने तो कागद माझ्या ईमेलमध्ये पडून होता.

इन-ट्रेनिंग परीक्षा बोर्डाच्या निकालाचं भाकीत करते का? बऱ्यापैकी करते. दोन्हींच्या गुणांचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसला आहे. पण भाकीत म्हणजे शिक्का नव्हे. पहिल्या प्रयत्नात दहातले साधारण नऊ जण बोर्ड पास होतात. त्यामुळे इन-ट्रेनिंगला तळाशी असलेल्यांतलेही पुष्कळ जण पुढे तरून जातात. कमी गुण पडलेल्या पोराने रडत बसू नये. वरच्या गुणांवर झोपणं मात्र धोक्याचं, आणि जुन्या गुणांवर झोपणं तर मूर्खपणाचं. बघायचा तो सगळ्यात अलीकडचा आकडा, आणि तो चढतोय की उतरतोय ते. (ज्या प्रोग्रॅममध्ये या आकड्यावरून रेसिडेंटाला चारचौघांत बोलतात, तिथे परीक्षेचा हेतूच हरवलेला असतो. तेही मी पाहिलं आहे.)

दुसऱ्या खेपेला मी पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं नाही. त्या यादीतला एक विषय रोज ड्यूटीवर जाण्याआधी वाचायचा, आणि त्यावरचे वीस प्रश्न घड्याळ लावून सोडवायचे. परीक्षेआधीचे दोन आठवडे सुट्टी मिळावी म्हणून फेब्रुवारीतच अर्ज टाकला. रोस्टर एकदा लागलं की कोणी बदलून देत नाही. पास झालो.

आपल्याकडची मुलं-मुली आता मोठ्या संख्येने तिथे रेसिडेन्सीला जातात. त्यांना एवढंच सांगणं आहे: इन-ट्रेनिंगचा निकाल आला की परसेन्टाइल घरी कळवा हवं तर, पण चुकलेल्या प्रश्नांची यादी त्याच दिवशी छापून ड्यूटीच्या कोटाच्या खिशात ठेवा.