फुगडी, शतपावली आणि भरलेला डबा

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या बायकांच्या गटात जायला लागले. त्यांच्यात आणि त्याआधी सासरच्या भरल्या घरात जे शिकले, ते इथे लिहिते आहे. पहिला मुद्दा माझ्या सगळ्यांत जवळचा, म्हणून तो लांबलाय.

१. खेळ सोडू नये. लग्न झालं, मुलं झाली की बाईचं खेळणं संपतं, असं आपण धरून चालतो. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीभोवती चार घटका फेर धरला की पुन्हा वर्षभर काही नाही. खरं तर पन्नाशीनंतरच या खेळांची गरज जास्त. पाळी गेल्यावर हाडं वेगाने विरळ होतात आणि त्यांना अंगाचा भार पेलायला लावणाऱ्या हालचाली हव्या असतात. झिम्म्यात, पिंग्यात पाय तालावर जमिनीला टेकतात, कंबर वळते, तोल सांभाळावा लागतो. पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आमचा गट तेच गाणी म्हणत करतो.

फुगडीचं तंत्र मात्र नीट शिकून घ्या. हात तिढा घालून धरायचे. आमच्या वयाला नुसती बोटं गुंफणं पुरत नाही, एकमेकींची मनगटं पकडावीत. पावलं जुळवून जोडीदारणीच्या पावलांसमोर ठेवायची आणि अंग मागे झोकायचं. नवशिकी इथेच घाबरते, अंग सरळ ठेवते आणि मग फेरा अडखळतो. दोघी सारख्याच मागे रेलल्या की भार आपोआप तोलला जातो. नजर जोडीदारणीच्या चेहऱ्यावर ठेवावी. भिंतींकडे पाहिलं की चक्कर लवकर येते. थांबताना वेग हळूहळू कमी करायचा आणि दोघींचे पाय स्थिर होईपर्यंत हात सोडायचे नाहीत. गुळगुळीत फरशीवर, पायात मोजे घालून फुगडी घालू नये. गुडघे दुखत असतील तर झिम्मा खेळा. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांनी गाणी म्हणावीत. आमच्याकडे गाणारणीचा मान खेळणारणीइतकाच.

२. शतपावली जोडीने घालावी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर एकदम चढत नाही, हे आता डॉक्टरही सांगतात. पण एकटीने चालायचं तर आज पाऊस, उद्या मालिका. शेजारीण फाटकाशी उभी असली की जावंच लागतं. माझ्या अनुभवात शेजारपाजारची निम्मी भांडणं याच वेळेत मिटतात, कारण बरोबर चालताना समोरासमोर बसल्यासारखं एकमेकींकडे रोखून बघावं लागत नाही.

३. मीठ पानाच्या डावीकडेच शोभतं. आपल्या पानात मीठ, लिंबू, चटणी, लोणचं डावीकडे आणि तेही चिमूटभर, बोटभर वाढायची रीत आहे. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक लहान चमचाही पुरता भरू नये इतकंच मीठ खावं असं सांगतात. त्यात पापड, फरसाण, पाव सगळं आलं. त्यामुळे लोणच्याची बरणी टेबलावर न ठेवता फडताळात ठेवावी. पाहुण्याला आग्रह करायचाच तर कोशिंबिरीचा करावा.

४. मुलांशी खेळताना मुद्दाम हरू नये. त्यांना ते कळतं आणि अपमान वाटतो. त्यापेक्षा जिथे दोघांना बरोबरीची लढत देता येईल असा खेळ निवडावा. बदाम सात चांगला, कारण त्यात हातात आलेल्या पानांना बरंच महत्त्व. सागरगोटे त्याहून चांगले: एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा त्याच हाताने झेलायचा. मोबाइलवर झरझर चालणारी बोटं इथे सुरुवातीला गोंधळतात. मग मूल मांडी घालून बसतं आणि तासभर उठत नाही.

५. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये. काहीच नसलं तर चार कढीलिंबाच्या काड्या घालाव्यात.

६. आजाऱ्याला भेटायला जाताना आधी फोन करावा, दहा मिनिटांत उठावं आणि औषधं सुचवू नयेत. आपल्या ओळखीत कुणाला हेच झालं होतं आणि पुढे काय झालं, हे तर मुळीच सांगू नये. त्याच्याजवळ बसण्यापेक्षा त्याची सेवा करणाऱ्या बाईला विचारावं, दळण आणून देऊ का? पाण्याच्या वेळेला मी थांबू का? तिला कुणी विचारत नाही. मुगाच्या डाळीची खिचडी नेलीत तर दोघांना पुरेल एवढी न्या.

७. बोलावणं सगळ्यांना करावं. मंगळागौर आणि हळदीकुंकू सवाष्णींपुरतं ठेवण्याची चाल मला मान्य नाही. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू, गाणं, खेळ, मैत्रिणी सगळं एका दिवसात काढून घ्यायचं, यात कसलंच पावित्र्य नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला फार समाधान वाटलं. पण ठरावाने दार उघडतं. आत या म्हणायला माणूस लागतो. तर फोन आपण स्वतः करावा आणि आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी करावा, म्हणजे तिला घरच्यांशी बोलायला, मन तयार करायला वेळ मिळतो. ती आल्यावर तिला कौतुकाने वेगळं बसवू नये, सरळ फेरात घ्यावं. हळदीकुंकवाचं तबक तिच्यापुढेही धरावं. लावायचं की नाही, ते ती ठरवेल. ती येत नाही म्हणाली तर हट्ट धरू नये. पुढच्या मंगळवारसाठी पुन्हा फोन करावा.