संगणकाच्या चकतीतील जागेची फेरवाटणी
रायपूरच्या परिसरातील भातखाचरे बांधांनी विभागलेली असतात; संगणकाच्या चकतीचेही असेच विभाग पाडतात. समजा, चकतीवर आरंभी विंडोजचा विभाग असून त्यास लागून लिनक्सचा आहे. लिनक्सची जागा संपली; विंडोजची निम्मी रिकामी आहे. तेव्हा बांध सरकवावा लागतो.

येथे क्रमास फार महत्त्व आहे. विभाग लहान करताना आधी आतील फाइलव्यवस्था लहान करावी, मगच सीमा आत घ्यावी. अन्यथा सीमेबाहेर राहिलेली माहिती गमावण्याचा धोका असतो. वाढविताना क्रम उलट होतो. लिनक्सची ‘एक्स्ट४’ ही फाइलव्यवस्था वापरात असतानाही वाढविता येते, लहान मात्र करता येत नाही.

प्रस्तुत उदाहरणात मोकळी जागा लिनक्सच्या आधी निर्माण होते. म्हणून त्या विभागाचा आरंभच मागे न्यावा लागतो, म्हणजे सारी माहिती हलवावी लागते. त्यासाठी यूएसबीवरून संगणक सुरू करून ‘जीपार्टेड’ हे साधन वापरतात. मोठ्या विभागास कित्येक तास लागतात, आणि मध्येच वीज गेल्यास तो वाचेनासा होऊ शकतो. माहितीची प्रत आधीच घ्यावी, व तीही निराळ्या चकतीवर; त्याच चकतीच्या दुसऱ्या विभागातील प्रतीचा भरवसा नसतो.