वडूजचें स्मारक आणि त्याचा पाठ

विद्यार्थिमित्रहो, आपल्या रहिमतपुराहून पूर्वेस गेलें म्हणजे खटाव तालुक्याचें ठाणें वडूज लागतें. तेथें १९४२ सालच्या हुतात्म्यांचें स्मारक आहे. पाहणारे नमस्कार करितात आणि परततात. परंतु स्मारक हें केवळ वंदनासाठीं नसतें. पाठ्यपुस्तकाप्रमाणें त्याचाहि अभ्यास करावयाचा असतो. तोच आज आपण करूं.

त्या वर्षीं ऑगस्टांत 'छोडो भारत'चा ठराव झाला व पुढारी तुरुंगांत गेले. तेव्हां सातारा जिल्ह्यांतील खेडुतांनीं मामलेदार-कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे नेण्याचें ठरविलें. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागहि त्या काळीं साताऱ्यांतच मोडत असे. ३ सप्टेंबरला तासगांवीं मोर्चा गेला, कचेरीवर तिरंगा फडकला आणि रक्ताचा थेंबहि सांडला नाहीं. ९ सप्टेंबरला वडूजास मोर्चा आला. अग्रभागीं वडगांवचे परशुराम घार्गे होते. येथें मात्र गोळीबार झाला व घार्गे यांसह नऊ जण प्राणांस मुकले. दुसरेच दिवशीं इस्लामपुरासहि गोळ्या सुटल्या.

आतां विचार करा. तासगांव व वडूज यांत अंतर अवघ्या सहा दिवसांचें. मागणी तीच, रीतहि तीच. मग फळ निराळें कां? कारण शांततेनें जाणारा मनुष्य आपल्याच हाताचा धनी असतो. समोरच्याच्या हातावर त्याची सत्ता नसते. हें जाणूनहि जो पुढें जातो आणि हात उगारीत नाहीं, त्याचें धैर्य थोर होय. दुसरी गोष्टहि ध्यानीं धरा. पुढें याच जिल्ह्यांत अनेक तरुण भूमिगत झाले व क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार उभें राहिलें. शांत माणसावर गोळी झाडून राज्यकर्त्यास शांति लाभत नाहीं.

कोणी पालक विचारतील, "मुलांपुढें हा विषय कशास?" शंका रास्त आहे. त्याच ९ सप्टेंबरला दूर खानदेशांत, नंदुरबार येथें, शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा विद्यार्थी चार सोबत्यांसह गोळीस बळी पडला. त्या मातापित्यांचें दुःख आम्हांस कळतें. मुलांनीं प्राण द्यावे, असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. परंतु अन्याय दिसतांच दगड उचलावा किंवा मान खालीं घालावी, या दोहोंवांचून तिसरा मार्ग आहे, हें त्यांस शाळेंतच कळलें पाहिजे.

तो मार्ग असा: प्रथम खरेंखोटें नीट पडताळावें, मग तक्रार लेखी करून खालीं आपलें नांव लिहावें, अपशब्द वापरूं नये, कोणाची वस्तु मोडूं नये, आणि त्यापायीं कांहीं सोसावें लागलें तर पळ काढूं नये. निनावी चिठ्ठी लिहिणें सोपें, नांवानिशीं उभें राहणें कठीण. वडूजच्या त्या नऊ जणांनीं तोंड लपविलें नव्हतें. म्हणूनच त्यांचीं नांवें आज आपण आदरानें घेतों.