मूलनिष्ठेचा प्रश्न : अमेरिकन चित्रकथा, त्यांवरील चित्रपट आणि वाचक

साहित्यकृतीचे चित्रपटात माध्यमांतर झाले की दिग्दर्शक मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला, हा प्रश्न हटकून विचारला जातो. आपल्याकडील विवेचनात तो बहुधा कादंबरी किंवा नाटक यांच्या संदर्भात उपस्थित होतो. तेथे त्याचे स्वरूप त्या मानाने सरळ असते. एक लेखक असतो, त्याची एक संहिता असते आणि ती पूर्ण झालेली असते. काय वगळले, काय वाढविले, काय बदलले याचा ताळा मांडता येतो. तो ताळा म्हणजे समीक्षा नव्हे हे जॉर्ज ब्लूस्टोन यांच्या १९५७ मधील ग्रंथापासून अनेकांनी सांगितले आहे, तरीही मूळ संहिता नावाची वस्तू समोर आहे याबद्दल कोणाला शंका नसते.

एम.ए.च्या वर्गात माध्यमांतराचा घटक शिकविताना विद्यार्थ्यांनी दिलेल्या उदाहरणांमुळे प्रस्तुत लेखिकेला या गृहीताचा फेरविचार करावा लागला. ती उदाहरणे सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन या अमेरिकन चित्रकथांतील नायकांची होती. या चित्रपटांविषयी चाहत्यांमध्ये होणारे वाद पोरकट म्हणून सोडून देण्याची आपली सवय आहे. थोडे जवळून पाहिले तर मात्र या वादांत संहिता, कर्तृत्व आणि कथनाचा शेवट यांविषयीचे काही मूलभूत प्रश्न दडलेले आढळतात. ते प्रश्न 'मूलनिष्ठा' या एका कल्पनेभोवती गोळा करून तपासावेत, एवढाच येथे उद्देश आहे.

सुरुवात एका प्रसंगापासून करू. झॅक स्नायडर दिग्दर्शित 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) या चित्रपटाच्या शेवटी सुपरमॅन खलनायक जनरल झॉडची मान मोडून त्याला ठार करतो. निरपराध कुटुंबाला वाचविण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापुढे उरलेला नसतो, अशी त्या दृश्याची रचना आहे. चित्रपट प्रदर्शित होताच वाद उसळला. सुपरमॅन कोणाचा जीव घेत नाही, हा त्याच्या स्वभावाचा गाभा आहे. तो सोडला तर उरते ती केवळ निळ्या-लाल पोशाखातील एक बलाढ्य व्यक्ती, असे एका पक्षाचे म्हणणे. सुपरमॅनच्या कथा स्वतः लिहिलेले मार्क वेड यांनीही त्या शेवटाविषयी आपली तीव्र नापसंती उघड केली. दुसऱ्या पक्षाने प्रत्युत्तरादाखल चित्रकथेचाच आधार काढला. जॉन बर्न यांनी लिहिलेल्या व रेखाटलेल्या १९८८ मधील एका अंकात सुपरमॅन झॉडसह तिघा गुन्हेगारांना हिरव्या क्रिप्टोनाइटच्या साहाय्याने देहदंड देतो. तेव्हा मूळ कोणते?

दोन्ही पक्ष एकाच मुळाचा हवाला देतात, आणि गंमत अशी की दोघांचेही हवाले खरे असतात. १९३८ च्या जूनमधील 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जेरी सीगल व जो शुस्टर यांनी उभा केलेला सुपरमॅन उडतही नव्हता. तो लांबलांब उड्या मारीत असे. त्याचे संपादक पेरी व्हाइट प्रथम भेटतात ते १९४० च्या नभोवाणी मालिकेत. त्याची दुर्बलता असलेले क्रिप्टोनाइटही चित्रकथेत येण्यापूर्वी १९४३ मध्ये नभोवाणीवरच अवतरले. आज ज्याला आपण मूळ म्हणतो त्यातला केवढा तरी भाग माध्यमांतराने मुळात घातलेला आहे. पुढेही हा प्रवाह दोन्ही दिशांनी वाहत राहिला. हार्ली क्विन हे पात्र १९९२ मध्ये बॅटमॅनच्या दूरचित्रवाणीवरील सचेतपट-मालिकेत जन्मले व तेथून चित्रकथेत गेले. निक फ्यूरी या पात्राला चित्रकथेतील एका आवृत्तीत २००२ साली सॅम्युएल जॅक्सन या नटाचा चेहरा देण्यात आला, आणि २००८ मध्ये तोच नट पडद्यावर ती भूमिका करू लागला. येथे मूळ कोणते आणि रूपांतर कोणते, हे सांगणे कठीण आहे.

आपल्या अभ्यासशाखेला ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. अनेक हातांनी, अनेक पिढ्यांत वाढलेल्या ग्रंथाचा आदिपाठ शोधणे म्हणजे काय, याचा अनुभव भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने मराठी अभ्यासकांना दिलेला आहे. साम्य येथेच संपते, हेही सांगितले पाहिजे. महाभारताच्या संपादकांपुढे हस्तलिखिते होती, आणि त्यांना मागे जाता येत होते. चित्रकथेच्या वाचकाला मागे जाऊन उपयोग नाही. १९३८ चा न उडणारा सुपरमॅन त्याला नकोच आहे. तो जे मूळ म्हणतो ते आरंभी नसते. त्याच्या स्वतःच्या वाचनाच्या वर्षांत ते कोठेतरी असते.

बॅटमॅनच्या बाबतीत ही निवड अधिक स्पष्ट दिसते. १९८८ मध्ये टिम बर्टन यांच्या आगामी चित्रपटासाठी मायकेल कीटन या विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या नटाची निवड जाहीर झाली, तेव्हा निर्मितीसंस्थेकडे सुमारे ५० हजार निषेधपत्रे गेल्याचे सांगितले जाते. चाहत्यांना भीती होती ती १९६६ च्या थट्टेखोर दूरचित्रवाणी मालिकेची पुनरावृत्ती होईल याची. त्यांना गंभीर, काळोखी बॅटमॅन हवा होता, आणि तोच खरा आहे असे ते म्हणत. वास्तविक १९६६ ची मालिका त्या सुमाराच्या चित्रकथांच्या सुरापासून फार दूर नव्हती. चाहते १९३९ मधील आरंभीच्या कथा आणि १९८६ मधील फ्रँक मिलर यांची कृती यांना जोडून मधली वर्षे वगळीत होते. आणि आरंभीच्या कथांचा आधार घ्यायचा तर तेव्हाचा बॅटमॅन माणसे मारतो, हेही स्वीकारावे लागते. व्हिटनी एल्सवर्थ या संपादकांनी त्याला मनाई केल्यानंतर, म्हणजे १९४० नंतर, त्याचा 'हत्या न करण्याचा' नियम रूढ झाला. ज्याला आपण नायकाचा स्वभावधर्म म्हणतो तो या ठिकाणी एका संपादकीय आदेशातून निपजला आहे.

मग हा सगळा वाद निरर्थक मानायचा काय? मला तसे वाटत नाही. वादी-प्रतिवादी घटनांविषयी बोलत असले तरी त्यांचा खरा कलह कथनप्रकाराविषयी आहे. उंबेर्तो एको यांनी १९६२ मधील आपल्या निबंधात सुपरमॅनसंबंधी एक मार्मिक पेच मांडला होता. मिथकातील नायक अचल असतो, तर कादंबरीतील नायक घटनांनी बदलत जातो. सुपरमॅनला दोन्ही व्हावे लागते. त्याने काही निर्णायक कृती केली की तो मृत्यूकडे एक पाऊल टाकतो, म्हणजेच झिजतो. तो झिजू नये म्हणून त्याच्या कथांतील काळ धूसर ठेवावा लागतो. गेल्या महिन्याच्या अंकात काय झाले याचे ओझे या महिन्याच्या अंकावर फारसे पडू दिले जात नाही. एको यांचे निरीक्षण त्या काळच्या अंकांना अधिक लागू आहे. नंतरच्या दशकांत सातत्याला महत्त्व आले, परंतु मूळ पेच सुटला नाही. नियतकालिक चित्रकथेला शेवट नाही. चित्रपटाला मात्र दोन-अडीच तासांत शेवट करावाच लागतो.

जोकरचे उदाहरण पाहा. १९४० मध्ये 'बॅटमॅन'च्या पहिल्याच अंकात तो मरणार होता. संपादकाने हस्तक्षेप केला, तो जिवंत असल्याचे दाखविणारी चौकट जोडण्यात आली, आणि तेव्हापासून तो परत येत राहिला आहे. १९८९ च्या बर्टनकृत चित्रपटात तो शेवटी उंचावरून पडून मरतो. स्पायडरमॅनचा वैरी ग्रीन गॉब्लिन १९७३ च्या अंकात मेला खरा, पण १९९६ मध्ये त्यालाही जिवंत करण्यात आले. २००२ च्या चित्रपटात मात्र त्याचा अंत झाला. मालिकेला खलनायक पुन्हा हवा असतो, म्हणून नायक त्याला मारीत नाही; चित्रपटाला समाप्ती हवी असते, म्हणून तो मरतो. ही नीती मालिकेच्या सोयीतून जन्मली हे खरे. परंतु वाचकाने ती पन्नास वर्षे नीती म्हणूनच वाचली, आणि वाचनव्यवहारात तिला तेच मूल्य प्राप्त झाले. उगम सोयीचा आहे म्हणून मूल्य खोटे ठरत नाही.

या दृष्टीने बर्न यांच्या १९८८ च्या अंकाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. 'मॅन ऑफ स्टील'चे समर्थक त्याचा दाखला देतात, पण त्या अंकानंतर काय झाले ते सहसा सांगत नाहीत. तिघांना मारल्यावर सुपरमॅनचे मन ढासळते. आपण पृथ्वीवर राहण्यास धोकादायक आहोत असे वाटून तो स्वतःहून अंतराळात निघून जातो, आणि ही पश्चात्तापाची कथा पुढे कित्येक अंक चालते. मालिकेजवळ पश्चात्तापाला वेळ होता. चित्रपटात सुपरमॅन एक आर्त किंकाळी फोडतो, लोइस त्याला जवळ घेते, आणि थोड्याच वेळात कथा हलक्याफुलक्या सुरात पुढे सरकते. घटना तीच असूनही तिचे वजन बदलले. विरोधकांना जे खटकले ते हेच असावे, असे मला वाटते. फक्त त्यांनी ते 'सुपरमॅन मारीत नाही' अशा घटनेच्या भाषेत मांडले आणि १९८८ च्या दाखल्यापुढे ते निरुत्तर झाल्यासारखे दिसले.

(जाता जाता एक नोंद. इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ पासून भारतीय वाचकांपर्यंत आलेला व मराठीत 'वेताळ' या नावाने परिचित झालेला फँटम हा याच पेचावर काढलेला वेगळा तोडगा आहे. ली फॉक यांनी तो मुखवटा पित्याकडून पुत्राकडे जातो अशी योजना केली. माणूस मरतो, वेताळ मरत नाही. काळाचे ओझे त्यांनी कथेच्या आतच सामावून घेतले.)

तपशिलांविषयीच्या वादांचे काय? सगळेच सारख्या योग्यतेचे नाहीत. सॅम रेमी यांच्या २००२ च्या चित्रपटात स्पायडरमॅनच्या मनगटातून जाळे नैसर्गिकरीत्या निघते. १९६२ मध्ये स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांनी निर्मिलेला पीटर पार्कर जाळे फेकण्याचे यंत्र स्वतः तयार करतो. वरवर पाहता हा किरकोळ बदल आहे. परंतु आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की यंत्र गेले म्हणजे त्या मुलाची बुद्धी गेली. कोळ्याने दिलेली शक्ती हा अपघात, तर यंत्र हे त्याचे कर्तृत्व. ही पात्रचित्रणाची उत्तम समीक्षा आहे. गरीब घरच्या शाळकरी मुलाने असे रसायन घरी बनविणे अविश्वसनीय वाटते, हे उलट बाजूचे उत्तरही तितकेच वाङ्मयीन आहे. २००४ मध्ये चित्रकथेनेच काही काळ नैसर्गिक जाळे स्वीकारले आणि २०१२ च्या चित्रपटाने यंत्र परत आणले! याउलट सुपरमॅनच्या पोशाखावरील लाल चड्डीचा वाद. चित्रकथेने २०११ मध्ये ती काढली व २०१८ मध्ये परत दिली. चित्रपटात २०१३ मध्ये ती नव्हती, जेम्स गन यांच्या २०२५ च्या चित्रपटात ती पुन्हा आली. त्याबद्दल शाई खर्चण्याचे कारण मला दिसत नाही.

मूलनिष्ठेचे नाव घेऊन वेगळेच काही बोलले जाते, अशीही उदाहरणे आहेत. 'थॉर' (२०११) मध्ये हाइमडाल या देवतेची भूमिका इड्रिस एल्बा या कृष्णवर्णीय नटाला दिल्यावर काही गटांनी बहिष्काराची हाक दिली. मूळ नॉर्स कथांचा त्यांना अचानक कळवळा आला होता. त्या कथांतील थॉर तांबड्या दाढीचा आहे. १९६२ पासून मार्व्हेलने रंगविलेला सोनेरी केसांचा, गुळगुळीत चेहऱ्याचा थॉर त्यांना कधी खटकला नव्हता. अशा वेळी समीक्षकाने मुळाचा हवाला तपासण्यापूर्वी हवाला देणाऱ्याचा हेतू तपासणे योग्य.

तरीही वाचकाला हा अधिकार आपला वाटावा, यामागे कारण आहे. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १९३८ मध्ये १३० डॉलरना विकले. पुढे शेकडो हातांनी तो लिहिला. म्हणजे कायद्याने मालक असलेली कंपनी आहे, पण 'मला हे अभिप्रेत होते' असे सांगू शकेल असा लेखक नाही. ती रिकामी जागा वाचकाने घेतली, आणि प्रकाशकांनीच त्याला तसे करण्यास शिकविले. अंकांच्या पत्रस्तंभांत वाचकांची नावे व पत्ते छापले जात. त्यातून वाचक एकमेकांना लिहू लागले, हौशी पत्रिका निघाल्या. कथेतील विसंगती दाखवून तिचे समर्थनीय स्पष्टीकरण देणाऱ्यास स्टॅन ली 'नो-प्राइझ' नावाचे बक्षीस देत. बक्षीस म्हणजे रिकामे पाकीट. ही खेळीमेळीची गोष्ट असली तरी तिचा अर्थ गंभीर आहे. वाचकाकडे भाष्यकाराचे काम सोपविण्यात आले होते. ज्याने वर्षानुवर्षे विसंगती सांधून दिल्या, तो चित्रपटातील नव्या विसंगतीबद्दल गप्प बसेल अशी अपेक्षा करणे चूक आहे.

जेथे संहिता एकच व पूर्ण आहे, तेथे काय घडते? ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांची 'वॉचमेन' ही बारा अंकांची कृती (१९८६-८७) असे उदाहरण आहे. स्नायडर यांनी २००९ मध्ये तिचा चित्रपट केला तेव्हा कित्येक चौकटी जशाच्या तशा पडद्यावर आणल्या. शेवटी न्यूयॉर्कमध्ये अवतरणारा प्रचंड समुद्रजीवासारखा राक्षस मात्र वगळला आणि संहाराचा दोष डॉक्टर मॅनहॅटनवर येईल अशी योजना केली. चाहत्यांचा वाद मुख्यतः त्या राक्षसावर झाला. परंतु मूळ कृतीचा पाचवा अंक पाहिला तर त्याची पाने मध्यापासून दोन्ही बाजूंना एकमेकांची प्रतिबिंबे असावीत अशी मांडलेली आहेत. वाचक मागे-पुढे पाने उलटतो तेव्हाच ते ध्यानात येते. हा घाट पडद्यावर नेता येत नाही. तो नेला नाही म्हणून कोणी फारशी तक्रारही केली नाही. या कृतीला हयात, नामवंत लेखक होता. त्याने चित्रपटावर आपले नाव घालू दिले नाही. श्रेयनामावलीत सहनिर्माते म्हणून एकट्या गिबन्स यांचे नाव आहे.